टिटवी छापाची मऊ पत्री

अकोल्याच्या नंदूशेठने मला फसवले. मी माझ्या गिऱ्हाइकांना फसवले नाही, पण त्यांच्या खिशात गेलेला चाकू माझ्याच हातून गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हातारा आडवळणाने बोलतो असे पुढे कोणी म्हणायला नको. नंदूशेठ हे त्याचे खरे नाव नव्हे. खरे नाव छापले तर मला वकील करावा लागेल, असे या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले. त्याने वाचले की त्याला कळेल, तेवढे मला पुरे आहे.

वाशीमच्या बाजारात माझे दुकान आहे. विळे, अडकित्ते, कुलपे, कात्र्या आणि घडीचे चाकू. सुरुवात सायकलवर धार लावायचे चाक बसवून केली. गावात शिरलो की बायका बोथट झालेल्या विळ्या घेऊन बाहेर येत आणि माझ्याशी भांडत. भाव कसा करायचा हे मी त्यांच्याकडून शिकलो. बापाकडून मला रागीट स्वभाव तेवढा मिळाला, बाकीचे सगळे मी मिळवले. बाजारात मला लोक काका म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

चाकूचा धंदा बाहेरून सोपा दिसतो. आत कायम एक भीती असते. साखर विकली की संपले, ती विरघळते. चाकू विरघळत नाही. तो कुठेतरी असतोच, कोणाच्या तरी हातात, आणि तो हात काय करतोय हे आपल्याला दिसत नाही. परवा एक पोरगा आला, केस लाल केलेले. "काका, झटकला की उघडला पायजे असा दाखवा. रील बनवाची हाय." मी म्हणालो, "तुझ्या आईले घेऊन ये, तिच्यापुढं झटकून दाखवतो." बटण दाबून उघडणारा चाकू मी आयुष्यात दुकानात ठेवला नाही. पोलीस चौकशीला आले तरी माझे शोकेस उघडेच असते. तरीसुद्धा पेपरमध्ये भोसकाभोसकीची बातमी दिसली की मी आधी फोटोतली मूठ पाहतो. आपली तर नाही ना?

आता थोडे शिकवतो, कारण पुढचे कळायला ते लागेल. घडीच्या चाकूत लोक धार पाहतात. धार मी चहा येईपर्यंत लावून देतो. पाहायचे असते ते लॉक, म्हणजे उघडलेले पाते उघडेच ठेवणारी कळ. पाते पुढून कापते तेव्हा कसलाच धोका नसतो. पात्याच्या पाठीवर जोर आला की ते मिटू पाहते, आणि मिटण्याच्या वाटेवर तुमची चार बोटे असतात.

सगळ्यात साध्या चाकूला लॉक नसतेच, नुसती पाठीत स्प्रिंग. पेरू कापायला ठीक. दुसरा कड्याचा. लाकडी मूठ, मानेशी लोखंडी कडे. उघडला की कडे फिरवायचे. भरवशाचा, पण पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पाते मुठीत अडकून बसते. एक मेंढपाळ असा फुगलेला चाकू घेऊन आला होता. दातांनी उघडायला गेला म्हणून दात हलत होता. "चाकू बदलून द्या, नाईतर दात बदलून द्या," म्हणाला. मी चाकू वाळवून दिला. दाताचे त्याचे त्याने पाहिले.

खरी लढाई डमरू छाप आणि टिटवी छाप यांची. आमच्या भागात घडीच्या चाकूचे हे दोन पक्ष आहेत आणि कोणी सहसा पक्ष बदलत नाही. डमरूचे लॉक पाठीवर. मुठीच्या पाठीत एक जाड दांडी असते, तिचा दात पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत बसतो. मिटवायचा तर पाठ जोराने दाबावी लागते. दणकट काम. पण सोयाबीनचे कुटार, म्हणजे भुसकट, त्या खाचेत भरले की दात अर्धाच बसतो, आणि मिटवायला दोन हात लागतात. बाजार समितीतले हमाल डमरूचे. पोत्यांची सुतळी कापायची, चाकू कमरेला खोचायचा, त्यांना घाई नसते.

टिटवीचे लॉक मुठीच्या आत. मुठीत दोन बाजूंना दोन पातळ पोलादी पत्र्या असतात; त्यातली एक मधोमध चिरून आतल्या बाजूला वाकवलेली असते. पाते पूर्ण उघडले की ही पत्री सरकून त्याच्या बुडामागे उभी राहते, दाराला आतून अडसर लावावा तशी. मिटवताना अंगठ्याने ती बाजूला सारायची. एका हाताचे काम. पत्री पातळ असते, म्हणून सगळा भरवसा तिच्या पोलादावर. पोलाद कडक असेल तर टिटवी डमरूपेक्षा सरस आहे, हे मी डमरूच्या एजंटालाही तोंडावर सांगितले आहे. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

संत्र्याचे कलम करणारे सगळे टिटवीचे. का, ते त्यांचे काम पाहिल्याशिवाय कळत नाही. जंबेरी लिंबाच्या खुंटावर आधी उभा-आडवा छेद देतात. मग चाकू उलटा करून पात्याची पाठ सालीखाली घालतात आणि साल हलकेच उचकटतात. त्या फटीत चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायचे. याला डोळा भरणे म्हणतात. एका हाताने खुंट धरलेला, दुसऱ्यात चाकू, डोळा ओठांत. चाकू एकाच हाताने उघडला-मिटला पाहिजे. आणि ध्यानात घ्या, हे लोक दिवसभर चाकूची पाठच वापरतात. ज्या बाजूने चाकू मिटतो, त्याच बाजूने.

म्हणून माझ्या दुकानात एक रीत आहे. कोणताही घडीचा चाकू उघडून, बोटे वाटेतून बाहेर ठेवून, त्याची पाठ काउंटरच्या लाकडावर ठोकल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. लग्नसराईत नवरदेवाच्या आयाही माझ्याकडे येतात. नवरदेवाच्या हातातल्या चाकूच्या टोकाला लिंबू टोचायचे असते, आणि मंडपात तो मिटला तर अपशकुन. एक आई म्हणाली, "काका, जोरात ठोका. आमचा पोरगा बावळट हाय, बोट कापून घेईन अन् नवरीच्या घरचे हासतीन." मी तिच्यापुढे काउंटर फुटेस्तोवर ठोकला.

गेल्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आत मी टिटवीचा माल भरायला अकोल्याला गेलो. नंदूशेठ हा घाऊक व्यापारी; कित्येक वर्षांचा संबंध, म्हणजे कित्येक वर्षांचे भांडण. भाव करताना मी दोनदा उठून दारापर्यंत जातो आणि तो दोनदा मला परत बोलावतो, असा आमचा शिरस्ता. त्या दिवशी मी एकदाही उठलो नाही. माझ्या दुसऱ्याच वाक्याला तो म्हणाला, "घेऊन जा काका, तुमच्याशी काय भाव कराचा."

घाबरायला तिथेच हवे होते. पण मी खोकी उघडून पाहिली. तीच मूठ, तीच पितळी टिटवी, तीच धार. एक चाकू उघडून त्याच्याच टेबलावर ठोकला. पक्का.

"माल तोच हाय ना, नंदूशेठ?"

"तोच हाय. पोराची शपथ घेऊ का?"

"पोराले मधात आनू नका. पत्री तीच का?"

"पत्री, पाते, स्क्रू, सारं तेच. तुमी वयानं शंकेखोर होऊन राह्यले."

मी माल आणला, ठोकून ठोकून विकला. कलमवाले, गुराखी, बाजाराला आलेले वाटसरू. दुपारी जेवायला घरी गेलो की बायको प्रमिला गल्ल्यावर बसते, तिनेही विकला.

डोळे भरायचा हंगाम ऐन रंगात असताना मेडशीची शेवंताबाई दुकानात आली. शेवंताबाई म्हणजे कलम करणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम. तिने भरलेला डोळा वाळत नाही असे बागाईतदार म्हणतात, आणि ती माझ्याशी भाव करायला बसली की आजूबाजूचे दुकानदार ऐकायला येतात. त्या दिवशी ती भाव करायला आली नव्हती. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. डाव्या हाताने तिने चाकू काउंटरवर ठेवला.

"हा तुमचा चाकू घ्या वापस, शेठ."

"काय झालं वं, शेवंताबाई?"

"मले काय विचारता? याले विचारा. मी सालीत पाठ घातली, वर उचलली, अन् हा कुत्र्यावानी चावला. डॉक्टर म्हंते बोट राह्यलं हेच नशीब. वाकन याची गॅरंटी नाई."

माझ्या तोंडून दुकानदाराचे वाक्य निघाले. "पत्रीत घाण अटकली असन."

ती हसली. ते हसणे मला आवडले नाही. "लेकराचं नाक पुसलं नसन तितक्या येळा मी चाकू पुसतो. तुमीच पाहा. पन बोटं दूर ठेवा, शेठ. तुमाले कामाची हायेत."

मी चाकू उघडला. पत्री सरकून बसली, आवाजही बरोबर आला. पाठ काउंटरवर ठोकली आणि पाते खटकन मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा ठोकले, पुन्हा मिटले. मग मूठ खोलून पत्री बाहेर काढली. जिथे ती पात्याच्या बुडाला टेकते ती कड गोटीसारखी गोल झाली होती. कानस घेतली. टिटवीच्या जुन्या पत्रीवर कानस घासली तर काचेवरून घसरावी तशी घसरते. या पत्रीत ती रुतली. लोण्यात नाही म्हणत, पण कोवळ्या बांबूत रुतावी तशी.

ही मऊ पत्री नवी असताना अडसर लावल्यासारखी पक्की बसते. ठोकून पाहणारा फसतो. काम सुरू झाले की रोज कणाकणाने झिजते, आणि एक दिवस, कोणता ते सांगता येत नाही, ती जागा सोडते.

शेवंताबाई माझ्याकडे पाहत होती. मी नजर शोकेसकडे वळवली. तिथे अजून त्याच मालातले चाकू उघडे मांडलेले होते, सगळ्यांची तोंडे रस्त्याकडे. हे इथले मी आत्ता काढून ठेवीन. गेले ते?

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेलो. रागात मी वाईट आहे. एसटीत शेजारच्याने खिडकी उघडली म्हणून मी त्याच्याशीही भांडलो. नंदूशेठने मला पाहून चहा सांगितला.

"चहा नको. पत्री बदलली हे तुले माईत होतं का नाई, तेवढं सांग."

"काका, अरे-तुरेवर नका येऊ. अन् कलमवाल्यायनं कलमाचा चाकू घ्यावा ना! घडीच्या चाकूच्या पाठीनं साल उचकटाले कोन सांगतलं? हे चुकीचं वापरनं झालं."

"टिटवी म्हंजे कलमवाल्याचा चाकू, हे तुनंच माह्या कानात भरलं. दरसाल!"

"मी विकतो. बनवत नाई. कंपनीनं काय घातलं ते मले काय माईत?"

मी पिशवीतून शेवंताबाईचा चाकू काढला. पत्री परत बसवून आणली होती. उघडला, त्याच्या हातात मूठ दिली आणि म्हणालो, "तुले माईत नाई ना? मंग धर मुठीत. पाठ टेबलावर टेकव अन् दाब. तुह्या टेबलावर नवा ठोकला तवा पक्का होता."

ज्याला माहीत नसते तो माणूस दाबतो. मी आयुष्यभर लोकांना चाकू दाबताना पाहिले आहे. नवखे तर आधी दाबतात, मग विचारतात. नंदूशेठने मूठ अंगार धरल्यासारखी टेबलावर सोडली आणि बोटे तळहातात आवळून घेतली. त्याच्या दुकानातला हिशेबनीस वर न पाहता कागद खालीवर करत राहिला.

"उरलेला माल वापस आना," तो शेवटी म्हणाला. "काहीतरी करू."

"उरलेला माह्या कपाटात हाय. त्याची भीती नाई मले. आनखी कोनाकोनाले देल्ला हा माल?"

"धंद्याच्या गोष्टी असतेत काका. सारं सांगता येत नाई."

मी काय काय बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही. उपयोगही झाला नाही. परतीच्या वाटेवर मेडशीचा थांबा आला, बाया चढल्या, आणि मला कळले की मी प्रत्येकीच्या हाताकडे पाहतोय. कोणाच्या बोटाला चिंधी आहे का. ती सवय अजून गेली नाही.

मग मी चाकू परत गोळा करायला निघालो. दुकान प्रमिलावर टाकले, मोटारसायकल काढली. कोणाला विकला हे कसे आठवणार, असे तुम्ही विचाराल. मी गिऱ्हाईक नावाने लक्षात ठेवत नाही, भांडणाने ठेवतो. सोबत फुकट कुलूप मागणारा, धार कमी आहे म्हणून स्वतःच्या दाढीचा केस कापून दाखवणारा, तीनदा जाऊन चौथ्यांदा येणारा, हे चेहरे जात नाहीत. एकेक भांडण आठवत मी गावोगाव गेलो.

तिथे माझ्याच नावाने माझा घात केला. आयुष्यभर ज्याने कधी माल परत घेतला नाही, तो माणूस घरी येऊन चाकू परत मागतो आणि बदल्यात डमरू छाप देतो, यावर कोण विश्वास ठेवणार? एका धाब्यावर मी समजावत होतो तर एक जण म्हणाला, "काका, तुमी घाट्याचा सौदा कवा केला? या चाकूत काहीतरी भारी लोखंड हाय, म्हनूनच मांगून राह्यले." बाकीचे हसले आणि दोघांनी खिशावर हात ठेवला. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये मी निरोप टाकला तर खाली उत्तर आले, "काकांची नवी जाहिरात." मी एकाच्या तर अंगावर धावून गेलो. "मूर्खा, बोट जाईन तुहं!" तो म्हणाला, "घाबरवून माल काढाची आयड्या चांगली हाय." त्याच्यापुढे चाकू ठोकून मिटवून दाखवला तेव्हा कुठे त्याने दिला. देताना त्याने मूठ दोन बोटांच्या चिमटीत धरली होती, आणि मला बरे वाटले. मी घाबरलो होतो त्यात दुसरे कोणी तरी आले.

आठवतील ती सगळी भांडणे संपता संपता उन्हाळा सरत आला, तेव्हा मी प्रमिलाला म्हणालो, माझ्या माहितीतले सगळे आले. ती भाकरी थापता थापता थांबली.

"अनसिंगच्या आजीचा आला का?"

"कोन आजी?"

"लुगड्यातली. भाव न करता घेतला तिनं. पैसे ठेवले, चाकू डोक्याले लावला अन् गेली. सुनेच्या उशाखाली ठेवाचा होता, बाळंतपणात."

मी उठलोच. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात, वाऱ्यावाहुटळीपासून, म्हणजे बाहेरच्या बाधेपासून, राखण म्हणून. कोणी विळा ठेवते, कोणी अडकित्ता. चाकू ठेवला तर तो उघडा ठेवतात. मिटलेल्या चाकूला कोणी भीत नाही. उघडा. बाईच्या डोक्याखाली, तिच्या हाताजवळ, आणि लेकराच्या शेजारी.

ज्या गिऱ्हाइकाने भाव केला नाही, ते माझ्या डोक्यात कुठेच नव्हते.

अनसिंगला मी दुपारी पोचलो. प्रमिलाने सांगितलेल्या खुणेवरून घर विचारत गेलो. आजी ओसरीवर मेथी निवडत बसली होती. माझे नाव सांगितले, काम सांगितले. तिने मेथीची काडी मोडली.

"सव्वा महिना झाल्याबिगर उशाचं लोखंड हालत नाई, बाप्पा."

"आजी, त्याचं लॉक खराब हाय. आपोआप मिटते. मी दुसरा देतो, याच्याहून भारी."

"हा सात महिन्यापासून घरात हाय. दिवस गेल्याचं समजलं तवाच आनला. पोरगा पोती फाडाले वापरत होता, मंग मी धुऊन उशाले ठेवला. कवा मिटला नाई."

पोती फाडायला. म्हणजे पत्री झिजली होती. मी पिशवीतून डमरू काढला, नवा विळा काढला, दोन्ही तिच्यापुढे ठेवले. अडकित्ताही देतो म्हणालो. घरातल्या सगळ्या विळ्यांना जन्मभर धार फुकट लावून देईन म्हणालो.

आजीने माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "तुमी भाव करून राह्यले काय? याचा भाव करत नसतेत. म्हनून तं मी तुमच्या बायकोले मांगतले तेवढे देल्ले."

मला जे एकच येते, ते तिथे चालत नव्हते. तेवढ्यात पडद्याआडून सुनेचा आवाज आला. "कोन हाय जी, आत्या? काय म्हंतेत?"

मी ओसरीवरूनच ओरडलो, "पोरी, उशीखाली हात घालू नको!"

"काहून जी? हात तं तिथंच हाय माहा. लेकरू या बाजूनं निजलं."

आजीच्या हातातली मेथी खाली पडली. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष जात नाही. मी पडद्याला पाठ करून उभा राहिलो आणि भिंतीकडे पाहत बोलू लागलो.

"हलवू नको हात. मूठ लागते का बोटाले? लाकडासारखी, गुळगुळीत?"

"लागते."

"पात्याकडं जाऊ नको. हात सरळ मागं घे. कोपर उचलू नको."

"घेतला."

"आता डोकं उचल. आजी, लेकरू उचला. पोरी, मंग उशी वर उचल, सरळ वर, ओढू नको..."

आजी आत गेली. मला काही दिसत नव्हते. कपड्याची सळसळ ऐकू आली आणि मग तो आवाज. खटक. आयुष्यभर काउंटरवर ऐकत आलेला आवाज, दुकानात कधी लक्षही जात नाही. त्यानंतर काहीच नाही. मी किती वेळ भिंतीकडे पाहत होतो कोण जाणे. ओरडावे तर काय ओरडावे? मग लेकरू रडले, जोरात, चांगले तापून. रडणे इतके गोड मी कधी ऐकले नाही, पण ते कशाचे रडणे आहे ते कळेपर्यंत मी श्वास घेतला नव्हता.

पडदा सरकला. आजीने चाकू मुठीला धरून माझ्यापुढे केला. मिटलेला. मिटताना पात्याने लेकराच्या दुपट्याचे टोक धरले होते आणि ते अजून त्याच्या तोंडात होते. मलमलीचे, हळदीचा डाग पडलेले टोक, आरपार चिरलेले. आजी चाकू सोडत नव्हती आणि मी घेत नव्हतो.

"घ्या नं बाप्पा," ती म्हणाली. मग आत जाऊन माझा विळा उशीखाली ठेवून आली. डमरू घेतला नाही. म्हणाली, "आता मिटनारं काई नको मले."

शेवंताबाईचे बोट अजून वाकत नाही. ती टोळीबरोबर बागेत जाते, बायांना कुठे छेद द्यायचा ते सांगते, स्वतः डोळा भरत नाही. मी तिला विचारले, तुझ्यासाठी काय करू. ती म्हणाली, "माह्या बोटाचं जाऊ द्या. माह्या टोळीतल्या पोरींच्या बोटाचं पाहा." मी पाहिले. तिच्या टोळीत आता त्या मालातला चाकू नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

बाकीच्यांचे सांगता येत नाही. आठवडी बाजारात ज्यांनी भाव केला नाही, नाव सांगितले नाही, चाकू घेतला आणि गर्दीत गेले, ते कुठे असतील? हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा डोळे भरायचा हंगाम तोंडावर असेल. पेट्यांमधून, माळ्यावरून गेल्या वर्षीचे चाकू निघतील. तुमच्याकडे टिटवी छाप असेल तर उघडा, बोटे वाटेतून काढा, पाठ लाकडावर ठोका. मिटला तर मला आणून द्या, बदलून देतो. न मिटला तरी आणा. नवी मऊ पत्री ठोकल्याने कळत नाही, कानसेने कळते.

आणि हे मी फक्त माझ्या दुकानापुरते सांगू शकतो. माझ्यासारख्या किती दुकानांत हा माल गेला, रिसोडला गेला का, मंगरूळपीरला गेला का, वऱ्हाडाबाहेर गेला का, हे एकच माणूस जाणतो आणि तो धंद्याच्या गोष्टी म्हणून गप्प बसला आहे. मला त्याच्याकडून भरपाई नको, माफी नको, चहा तर नकोच. नंदूशेठ, हा माल ज्यांना ज्यांना दिलास त्या गावांची नावे सांग. माझी मोटारसायकल चालू आहे, मी स्वतः जाईन. पण कुठे जाऊ ते तूच सांगू शकतोस. हंगाम सुरू व्हायच्या आत सांग. कोणाकोणाला दिलास?